रकाना खोडा, कोटी जोडा

एक्स्पीडिया ही विमानाची तिकिटं आणि हॉटेलं विकणारी अमेरिकन साइट. तिथल्या विश्लेषकांना एक कोडं पडलं होतं. गिऱ्हाईक तारीख ठरवतंय, विमान निवडतंय, कार्डाचा नंबर भरतंय, खरेदीचं बटण दाबतंय, आणि तरी व्यवहार फसतोय. पैसे मोजायला तयार असलेला माणूस रिकाम्या हातानं परत जात होता. त्यांनी फसलेले व्यवहार एका बाजूला ठेवले, पार पडलेले दुसऱ्या बाजूला, आणि दोघांत फरक कुठे पडतो ते शोधत बसले.

फरक निघाला फॉर्ममधल्या एका रकान्यात. नावाजवळ ‘कंपनी’ असा रकाना होता, तोही भरलाच पाहिजे असा नाही. काहींना वाटायचं की कार्ड ज्या बँकेचं आहे तिचं नाव विचारलंय. ते बँकेचं नाव लिहायचे आणि मग त्याच ओघात पुढे पत्ताही बँकेचाच द्यायचे. कार्डाची पडताळणी घरच्या पत्त्यावर होते. पत्ता जुळला नाही की व्यवहार नामंजूर! रकाना काढून टाकला आणि वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरनं वाढला. ना जाहिरात केली, ना नवं डिझाइन.

वेब अ‍ॅनालिटिक्स म्हटलं की आलेख, रंगीत पट्ट्या आणि मीटिंगमधली स्लाइड डोळ्यांपुढे येते. मला मात्र हा रकाना आठवतो. या क्षेत्रातले गाजलेले किस्से एकापुढे एक मांडले की त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कुणीतरी काहीतरी काढून टाकलेलं दिसतं.

३० कोटींचं बटण

जॅरेड स्पूल या अभ्यासकानं २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची गोष्ट लिहिली, दुकानाचं नाव न घेता. सामान टोपलीत टाकून पैसे भरायला निघालं की तिथे एक छोटा फॉर्म आडवा यायचा: ईमेल, पासवर्ड, ‘लॉगिन’ आणि ‘रजिस्टर’. दुकानाला वाटत होतं की एकदाच काय तो त्रास, मग जन्माची सोय. गिऱ्हाइकांना वाटत होतं, मला वस्तू घ्यायची आहे, यांच्याशी सोयरीक करायची नाही!

जुन्या गिऱ्हाइकांची तऱ्हा तर आणखी मजेशीर. आपण कुठला ईमेल दिला होता हेच त्यांना आठवेना. तपासलं तर ४५ टक्के ग्राहकांची एकाहून जास्त खाती निघाली, काहींची तर दहा-दहा. पासवर्ड विसरल्याच्या विनंत्या दिवसाला १,६०,००० पर्यंत जात होत्या आणि त्यांतले ७५ टक्के लोक पुढे खरेदी पुरी करतच नव्हते.

‘रजिस्टर’ काढून तिथे ‘कंटिन्यू’ असं बटण ठेवलं. खाली एक ओळ लिहिली की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या महिन्यात दीड कोटी डॉलर जास्त, पहिल्या वर्षात ३० कोटी. आजही एखाद्या साइटनं साधी चादर घ्यायला ओटीपी, जन्मतारीख आणि पासवर्डमध्ये एक खास चिन्ह मागितलं की मला हे बटण त्यांच्या दारावर चिकटवावंसं वाटतं.

आवडता व्हिडिओ हरला

डिसेंबर २००७. बराक ओबामांच्या प्रचाराची साइट. गूगलमधून तिथे आलेला डॅन सिरोकर एक प्रयोग मांडतो. पहिल्या पानावर ईमेल मागायचा आहे. वर काय दाखवावं आणि बटणावर काय लिहावं? तीन फोटो, तीन व्हिडिओ, चार बटणं. एकूण २४ जोड्या, आणि साइटवर येणाऱ्यांत त्या विभागून दाखवायच्या.

कार्यालयातल्या मंडळींचा जीव व्हिडिओवर होता. प्रयोगात मात्र तिन्ही व्हिडिओ तिन्ही फोटोंच्या मागे पडले. जिंकला ओबामांचा सहकुटुंब फोटो आणि ‘लर्न मोअर’ हे साधं बटण. जुन्या पानावर ८.२६ टक्के लोक नाव नोंदवत होते, नव्यावर ११.६ टक्के. त्या फरकातून प्रचारनिधीत सुमारे ६ कोटी डॉलरची भर पडली, असा सिरोकरचा हिशेब. पुढे २०१० मध्ये त्यानं अशाच चाचण्या करून देणारी ऑप्टिमायझली ही कंपनी काढली.

या चाचण्यांना ए/बी टेस्ट म्हणतात: अर्ध्यांना जुनं पान, अर्ध्यांना नवं, आणि मग तुलना. नाव नवं असलं तरी थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचं गणित जुनं आहे, आणि त्याचा एक पूर्वज बिअरच्या कारखान्यात कामाला होता! डब्लिनच्या गिनेस कंपनीतल्या विल्यम गॉसेटनं १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लिहिलेल्या निबंधातली पद्धत संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ म्हणून शिकतात.

पण छोट्या दुकानदारानं या चाचण्यांच्या नादी लागण्याआधी कागदावर एक गणित करून बघावं. समजा तुमच्या साइटवर आलेल्या १०० जणांतले ३ जण ऑर्डर देतात. नव्या बटणानं ते ३.३ झाले का, हे खात्रीनं सांगायला दोन्ही बाजूंना मिळून लाखभर भेटी लागतात. रोज १०० लोक येत असतील तर पावणेतीन वर्षं! तोवर बटणाचा रंग विटून जाईल. अशा साइटनं त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी लावावं. २०२० पासून ते फुकट मिळतं आणि लोक पानावर कुठे बोट लावतात, कुठे अडतात, कुठे चिडून एकाच जागी टकाटका दाबत राहतात याचं रेकॉर्डिंग दाखवतं. त्या चिडक्या टिचक्यांना ‘रेज क्लिक’ असं अधिकृत नावच आहे. अशी दहा-बारा रेकॉर्डिंग शांतपणे पाहिली की पहिली दुरुस्ती कुठली करायची हे सहसा कळून चुकतं.

हिट म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

नव्वदच्या दशकात साइटच्या तळाशी काळ्या पट्टीवर धावता आकडा असायचा आणि मालक अभिमानानं सांगायचे, ‘महिन्याला लाख हिट्स!’ हिट म्हणजे सर्व्हरकडे आलेली एका फाइलची मागणी. पानावर २० चित्रं असली की एकच माणूस एकदाच आला तरी २१ हिट. चित्रं वाढवा, लोकप्रियता वाढली!

त्या काळात हा हिशेब सर्व्हरच्या लॉगमधून निघायचा. त्यात नाव काढलेली एक कंपनी म्हणजे सॅन डिएगोची अर्चिन. २००५ मध्ये गूगलनं ती विकत घेतली आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला गूगल अ‍ॅनालिटिक्स सगळ्यांना फुकट खुलं केलं. इतकी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. अर्चिन हे नाव दुकानाच्या पाटीवरून गेलं, पण तुमच्या फोनमध्ये ते आजही येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एखाद्या लांबलचक लिंकची शेपटी बघा. तिथे ‘यूटीएम’ अशी अक्षरं असतील, तर ती ‘अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल’ची.

जुन्या मोजणीतला आणखी एक अन्याय सांगायलाच हवा. पानावर माणूस किती वेळ थांबला, हे पुढचं पान कधी उघडलं त्यावरून काढलं जायचं. पुढचं पान उघडलंच नाही तर वेळ शून्य. म्हणजे एखाद्यानं तुमचा लेख दहा मिनिटं मन लावून वाचला आणि समाधानानं टॅब बंद केली, तर नोंद काय? आला आणि लगेच गेला, ‘बाउन्स’! आताच्या गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये, म्हणजे जीए-४ मध्ये, हे सुधारलं आहे. भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती गुंतून राहिलेली भेट मानतात. जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद झाली. तेव्हाचा बाउन्स रेट आणि आताचा बाउन्स रेट शेजारी ठेवून कुणी प्रगती दाखवत असेल, तर त्याला थांबवा.

अर्ध्या सेकंदाचं मोल

गूगलनं एकदा लोकांनाच विचारलं, एका पानावर किती निकाल हवेत? लोक म्हणाले, जास्त द्या. प्रयोगासाठी काहींना दहाऐवजी तीस दिले, तर त्या गटाचं शोधणंच २० टक्क्यांनी घटलं. कारण शोधता शोधता सापडलं: तीस निकालांचं पान अर्धा सेकंद उशिरा उघडत होतं. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या मरिसा मेयर यांनी जाहीर भाषणात सांगितलेला हा किस्सा आहे. लोक तोंडानं काय मागतात आणि बोटानं काय करतात यांतलं अंतर त्यात स्वच्छ दिसतं.

आपल्याकडची दोन उदाहरणं तितकीच बोलकी. ‘इकॉनॉमिक टाइम्स’च्या साइटनं पानं लवकर उघडतील आणि वाचताना मजकूर खाली-वर उड्या मारणार नाही यावर मेहनत घेतली, तर पहिल्याच पानावरून परतणाऱ्यांचं प्रमाण एकूण ४३ टक्क्यांनी सुधारलं. आणि गणपतीला, दिवाळीला गावी जायची बस जिथे आपण शोधतो त्या रेडबसनं टिचकी मारल्यावर पान किती झटकन प्रतिसाद देतं यावर काम केलं. विक्री ७ टक्क्यांनी वाढली.

मोजपट्टीही ठरलेली आहे. गूगलच्या मते पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि टिचकीला २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी. ही तपासणी स्वतःच्या नव्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर करू नका. गिऱ्हाईक एसटीच्या खिडकीत, घाटात, एक काडी नेटवर्कवर बसलेलं असतं.

वेग वाढवला आणि सरासरी बिघडली!

मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही. यूट्यूबमधला क्रिस झकारायस नावाचा अभियंता २००९ मध्ये हट्टाला पेटला. व्हिडिओचं पान १.२ मेगाबाइटचं झालं होतं. त्यानं कात्री लावत लावत ते ९८ किलोबाइटवर आणलं आणि प्रकल्पाला नाव दिलं ‘फेदर’, म्हणजे पीस. थोड्या लोकांवर प्रयोग सुरू केला, आठवड्याभरानं आकडे उघडले आणि चक्रावला. पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता!

तो प्रकल्प सोडून द्यायच्या बेतात होता. मग एका सहकाऱ्यानं आकडे देशांप्रमाणे फोडून पाहिले. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरिया... जिथून आधी जवळजवळ कुणीच येत नव्हतं तिथून लोक येऊ लागले होते. त्यांच्या नेटवर जुनं पान उघडायला वीस मिनिटं लागायची, म्हणून ते फिरकतच नव्हते. आता दोन मिनिटांत काम होत होतं. दोन मिनिटं आपल्याला फार वाटतात, पण त्यांच्यासाठी यूट्यूब पहिल्यांदाच उघडत होतं. या नव्या पाहुण्यांच्या दोन-दोन मिनिटांनी सरासरी वर गेली होती.

सरासरी कधी एकटी वाचू नये. ती शहराप्रमाणे, फोनप्रमाणे, जुन्या-नव्या गिऱ्हाइकांप्रमाणे फोडून बघावी, मग ती बोलायला लागते. कामच न करणारी साइट आकड्यांत फार देखणी दिसू शकते, कारण ज्यांना ती उघडलीच नाही त्यांची नोंदच होत नाही.

चुकीनं वाढलेली कमाई

मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये एका प्रयोगादरम्यान बिघाड झाला आणि लोकांना फालतू निकाल दिसू लागले. आकडे काय म्हणाले? माणशी शोध १० टक्क्यांहून जास्त वाढले, माणशी उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त. निकाल बेकार, म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते. आणि निकालांपेक्षा जाहिराती बऱ्या, म्हणून त्यांवर टिचक्या मारत होते. नुसत्या शोधसंख्येवर बक्षीस ठेवलं असतं तर बिघाडालाच बढती मिळाली असती. तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये असलेल्या रॉन कोहावी आणि सहकाऱ्यांनी हे २०१२ च्या शोधनिबंधात मांडलं आणि मोजण्याजोगं काय ते सांगितलं: माणूस पुन्हा पुन्हा येतो का, आणि आल्यावर त्याचं काम थोडक्यात होतं का.

त्याच बिंगमध्ये उलटंही घडलं. जाहिरातीचं शीर्षक थोडं लांब दाखवावं, ही एका कर्मचाऱ्याची सूचना सहा महिन्यांहून अधिक काळ धूळ खात पडली होती. २०१२ मध्ये एका अभियंत्यानं म्हटलं, काम तर थोडंच आहे, करून बघू. काही तासांतच धोक्याची घंटा वाजली, कारण एवढी उडी म्हणजे बहुधा बिघाडच! पुन्हा तपासलं, तर वाढ खरी होती. उत्पन्न १२ टक्क्यांनी वर, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त.

संख्याशास्त्रज्ञांत एक ‘ट्वायमनचा नियम’ सांगतात: जो आकडा फार रंजक दिसतो तो बहुतेक वेळा चुकलेला असतो. बिंगच्या त्या घंटेमागे हीच शहाणीव होती.

भारतीय घड्याळ, अमेरिकन मध्यरात्र

आता आपल्या घरातल्या आकड्यांकडे. जीए-४ चं खातं उघडताना टाइमझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेला, तर तुमच्या रिपोर्टमध्ये तारीख भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराला बदलते, त्यांच्या हिवाळ्यात दीडला. म्हणजे सकाळच्या सगळ्या ऑर्डरी कालच्या नावावर! सेटिंग बदलता येतं, पण मागचे आकडे सुधारत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस बहुधा ‘डायरेक्ट’ या खात्यात पडतो, म्हणजे जणू त्यानं पत्ता पाठ करून टाइप केला. अशा न दिसणाऱ्या शेअरिंगला अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकारानं २०१२ मध्ये ‘डार्क सोशल’ म्हटलं. आपल्याकडे सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप हीच खरी बाजारपेठ, आणि ती रिपोर्टात अदृश्य! उपाय सोपा आहे: ग्रुपवर टाकायच्या लिंकला ती यूटीएमची शेपटी आपणच लावायची. गाव मात्र फार मनावर घेऊ नका. मोबाइल नेटवर्कमुळे कुडाळचा माणूस मुंबईचा दिसू शकतो.

शिवाय येणारी सगळी माणसंच असतील असंही नाही. इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मध्ये वेबवरची ५१ टक्के वर्दळ यंत्रांची होती. जीए-४ ओळखीचे बॉट आपोआप गाळतं, सगळेच नाही. मध्यरात्री एखाद्या परक्या शहरातून पाचशे जण आले आणि एका सेकंदात गेले, तर हुरळू नका.

हापूसचा हंगाम आणि दोन महिन्यांची विस्मृती

देवगड-रत्नागिरीचे कितीतरी बागायतदार आता स्वतःच्या साइटवरून पेट्या विकतात. अशा साइटवर किती लोक आले, यात मला फारसा रस नाही. भाव पाहिलेल्यांतले किती जण पैसे भरण्यापर्यंत पोचले, तो आकडा महत्त्वाचा. जीए-४ मध्ये पायऱ्या लावून तो पाहता येतो: भाव, डझन, पत्ता, पैसे. समजा पत्त्याच्या पायरीवर निम्मे गळाले. त्यातही नागपूर, नांदेडचे जास्त. मग पान स्वतः उघडून बघा. नाव, फोन, पूर्ण पत्ता भरून झाल्यावर सगळ्यात शेवटी पिनकोड, आणि मग ‘या भागात डिलिव्हरी नाही’! पिनकोड पहिल्या पानावर आणा. फोनचं बटण असेल तर त्यावरच्या टिचक्यांसाठी वेगळी नोंद लावून घ्या, कारण काकांची ऑर्डर फोनवरच येते.

लोक गूगलवर काय लिहून आपल्यापर्यंत पोचले, ते गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये दिसतं, तेही १६ महिन्यांचं. तिथे ‘हापूस’ देवनागरीत, रोमनमध्ये आणि चार स्पेलिंगांत सापडेल. भावाची चौकशी जास्त दिसत असेल आणि तुमच्या पानावर भाव नसेल, तर काय करायचं ते तिथेच लिहिलेलं आहे.

आणि सगळ्यात निकडीचं काम. जीए-४ मधला सखोल तपशील, म्हणजे वर सांगितलेल्या पायऱ्या ज्यातून लावतात तो, मूळ सेटिंगमध्ये फक्त दोन महिने ठेवला जातो. मार्च ते मे हा धंदा असणाऱ्यानं ऑगस्टमध्ये निवांत बसून हंगाम तपासायला घेतला, तर मार्च-एप्रिल-मे पुसलेले असतील. अ‍ॅडमिनमध्ये ‘डेटा रिटेन्शन’ आहे, तिथे दोनऐवजी चौदा महिने निवडा. पैसे पडत नाहीत. चौदा महिने म्हणजे या मार्चशेजारी गेला मार्च ठेवता येतो. हे काम मोहोर यायच्या आत उरका, कारण एकदा पुसलेला तपशील सेटिंग बदलून परत येत नाही.